एकच प्रत

गावाचं नाव आली.
कोण आली, असं मी पहिल्यांदा विचारलं होतं.
कुंभारभट्ट्यांमागे बुदूरचं गॅरेज,
शुक्रवारी तिथं एसी बंद ठेवतात.
माती वाळते म्हणून.
घाम आपला आपण पुसायचा.

ओल्या फडक्याखाली पाटाएवढी लादी,
चार वर्षं हीच.
तिच्यावर रंगवलेल्या मातीचा घोळ, थरावर थर,
वर कापड, मग लाटणं.
लाटणं माझं, मिरजेहून आणलेलं,
विमानतळावर एकदा अडवलेलं.
"हलकं फिरव," बुदूर सांगते, "कडा फाटतात."
बाई गं, माझ्या पोळीची कड कधी फाटली?

कापड उचललं की पापुद्रा निघून येतो.
मी काढलेला उजवा हात डावा होऊन आला.
पुन्हा तस्साच काढू म्हटलं,
नाही निघाला.

थंकच्चन बंदरावर क्रेन चालवतो.
त्यानं माझ्यानंतर
नुसती एक आडवी रेघ मारली.
"समुद्र?"
"नाही. शिफ्ट संपल्यावर दिसतं ते."

शेवटी चिठ्ठ्या. स्वतःचं कुणी न्यायचं नाही.
माझा हात मारिसेलच्या हातात गेला,
ती गुरुवारी सेबूला, कायमची.
मला रेघ आली.

घरी ट्यूबलाइटखाली धरली,
तर रेघेच्या खाली, पुसट,
माझ्याच करंगळीचं टोक.
लादीनं ठेवून घेतलेलं.

रात्री पोळ्या बाटलीनं लाटल्या.
लाटणं तिथंच राहिलं होतं,
विसरले म्हणा हवं तर.