मधलं नाव

पंचायतीच्या कपाटात एक वही आहे,
लाल बासनात. कडा उंदरांनी वाचून काढलेल्या.
दुसरी वही तिकडे, नागपूरच्याही पलीकडे,
गार खोलीत राहते म्हणतात. मी पाहिली नाही.
दोघींची सोयरीक जमवणं हे माझं काम,
महिना सहा हजार, वीज असेल तेव्हा.

इकडे घर असं सापडतं:
हापशीवरून वर, शेवग्याखालून, तट्ट्याच्या भिंतीचं तिसरं,
आयतू टेकाम. बुटका.
उंच आयतू नदीकडं.
तिकडे तीनच खण: नाव, मधलं नाव, आडनाव.
एखादा रिकामा राहिला की लाल होऊन अडून बसतो,
लग्नात रुसलेल्या जावयासारखा.
उंचीला खण नाही.

इंग्रजी अक्षरांत ढ आणि ध एकाच ताटात जेवतात.
कवडू ढोमणे तिकडून परत आला तो
धोमणे होऊन.
"हाक मारली म्हंजे झालं," म्हणाला, आणि बैल सोडायला गेला.

घाटंजीवालीला मी नाव विचारलं.
ती थांबली. जणू आतल्या घरातून कुणाला तरी बोलावलंय
आणि ते हात पुसत येतंय.
"पार्बता. पन थे इथं कोनाले ठाऊक नाई."
खरंच नव्हतं. त्या नावानं आलेलं पाकीट
पोस्टमननं चार दिवस फिरवलं, मग परत नेलं:
या नावाची व्यक्ती गावात नाही.
ती तेव्हा समोर हापशीवर पाणी भरत होती.

माझी चूक झाली पोळ्याच्या आदल्या दिवशी.
दोन्ही आयतूंचे बाप सोमा.
पडद्यानं विचारलं: हा आधीच आहे, त्यावरच लिहू?
मला पाचची गाडी गाठायची होती.
मी हो म्हटलं.
रात्री दोनला तिकडची वही इकडे उतरते,
तिकडचं ते खरं, असा आदेश आहे.
सकाळी माझ्याही यंत्रात एकच आयतू उरला होता.
बुटका.

उंच आयतू दर गुरुवारी यायचा,
मान लववून, सवयीनं चौकट चुकवत.
"पोरी, आज हाव का मी?"
मी म्हणायची, सर्व्हर नाही.
मग तो ओट्यावर तंबाखू मळत बसायचा,
आणि नसलेल्या माणसाची सावली
अर्ध्या अंगणात पडायची.

तहसीलला अर्ज दिले, तीन.
बाबू म्हणाले, वेगळा असेल तर वेगळा दिसू द्या.
कागदाच्या वहीत तो वेगळाच होता,
शेऱ्याच्या रकान्यात, जुन्या कोतवालाच्या तिरप्या अक्षरात: उंच.
पण शेरा वर जात नाही.

म्हणून एका रात्री, वीज होती तेवढ्यात,
मधल्या नावाच्या खणात, जागा न सोडता
मी टाकलं: सोमाउंच.
खण हिरवा झाला.
मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही.

दिवाळीनंतर कार्ड आलं.
वाचून दाखवलं: आयतू सोमाउंच टेकाम.
त्यानं पुन्हा वाचायला लावलं.
मग हसत सुटला, ठसका लागेस्तोवर.
"बापालेच उंच केलं न तुनं!
थो तं माह्या खांद्याले लागे."

कार्ड दुपट्ट्यात बांधून निघाला,
हसतच,
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा
चौकटीला डोकं आपटलं.