सज्जाखालून

दर शनिवारी सव्वाअकराला
ती मंडळी आमच्या गल्लीत येतात.
आधी ऐकू येते ती छत्री.
गेगा तिचे टोक दगडांवर आपटत चालतो,
पाऊस असो नसो, कायम मिटलेली, पिवळी.
मग पंधरा-वीस माना एकदम वर.

सोलोलाकीत राहायचे तर याची सवय होते.
समोरची त्सिउरी ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून
खिडकीतून त्यांना हात करते.
मी करत नाही. मी झाडांना पाणी घालते.

एकोणचाळीस वर्षे या सज्जात
अक्रोड सोलले, नवऱ्याशी भांडले,
वीज नसायची त्या हिवाळ्यात
कठड्याचे चार दांडे उपटून शेगडीत घातले.
हे गेगा सांगत नाही.
नंतर बसवलेल्या दांड्यांचे लाकूड वेगळे आहे,
कुणी नीट पाहिले तर कळेल.

मे महिन्यातल्या एका शनिवारी
पाव आणायला खाली उतरले
आणि कोपऱ्यावर तो घोळका आडवा आला.
म्हटले, बघू तरी काय दाखवतो.
पावाचे पैसे त्याच्या टोपीत टाकले.
त्याने मला ओळखले नाही.
जमिनीवर उभी असले की
मी कुणालाच ओळखू येत नसावे.

तंबाखूवाल्याच्या हवेलीत त्याने जिन्याचे छत दाखवले:
ढग, पऱ्या,
आणि एका परीच्या बेंबीवर ठोकलेला गॅसचा मीटर.
पोलंडचे एक जोडपे फोटो काढत राहिले.
त्या जिन्यात तेव्हा दवाखाना होता.
मला तिथे इंजेक्शन दिले, मी वर बघत रडले,
हे छत मला तेव्हापासून पाठ आहे.
पण बोलले नाही.
सांगणाऱ्याचे काम तो करत होता, आणि बरे करत होता.
तारखा मात्र दोन चुकल्या.

मग आमचे दार आले.
इतरांसारखी मीही मान वर केली.

छत्रीचे टोक वर गेले,
माझ्या सज्जाच्या पोटापाशी थांबले.
तिथे फळ्यांच्या मधोमध
लाकडात कोरलेले डाळिंब होते.
उकललेले. दाणे मोजता यावेत असे.
शेजारी आणखी एक, अर्धे,
नुसती बाहेरची रेघ, आत कोरे लाकूड.

'सुतार मधेच का थांबला, कुणास ठाऊक,' गेगा म्हणाला,
'पैसे संपले असतील,
नाहीतर जेवणाची वेळ झाली असेल.'
सगळे हसले.
मी मनात फळ्या मोजत होते.
भिंतीपासून सातवी. म्हणजे
बरोबर माझ्या खुर्चीखाली.
एकोणचाळीस वर्षे मी त्याच्यावर बसून
बाजारातल्या डाळिंबांना महाग म्हणत आले.

'वर कोण राहते?' मी विचारले.

'एक आजीबाई. फार कडक.
सव्वाअकराचा ठोका पडला की पाणी घालतात,
आणि कुंड्या सगळ्या गळक्या.
बाई, तुम्ही जरा इकडे सरका,
तिथे थेंब पडतात.'

मी सरकले.

सगळे वर बघत राहिले.
माझा निळा परकर वाळत होता,
त्याच्या शिवणीत एक भोक होते, इथून स्पष्ट दिसणारे.
थेंब काही पडला नाही.
पोलंडच्या बाईने घड्याळ पाहिले.

'आज काय झाले कोण जाणे,' गेगा म्हणाला,
आणि छत्री न आपटता
जरा वेळ तसाच उभा राहिला,
दाराकडे एकदा जाऊन बेलच्या बटणावर
बोट ठेवून
पुन्हा मागे आला.

त्या दिवशी घरात पाव नव्हता.
खुर्ची मी हातभर बाजूला ओढली,
का ते त्सिउरीला सांगितले नाही.

पुढच्या शनिवारी
दगडांवर टकटक आली तशी
झारी काठोकाठ भरून घेतली,
रोजच्यापेक्षा जास्त,
आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात गळक्या कुंडीत
सावकाश ओतली.

खालून कुणीतरी ओरडले.
कुणीतरी हसले.
मग फट् करून
छत्री उघडल्याचा आवाज आला.