भाता

बाबल केळुसकराची पेटी आली
रिक्षातून, गोधडीत गुंडाळून.
हेमांगीनं बाकड्यावर ठेवली. म्हणाली,
सूर ठीक आहेत काका, वास तेवढा काढा.
आईला घरात सोसत नाही.

मी भाता उघडला
आणि दुकानभर माणूस पसरला.

आठवण वगैरे म्हणणार नाही मी.
वास आला. बिनफिल्टरच्या सिगारेटचा, मुरलेला,
खाली थोडा पेट्रोमॅक्सचा रॉकेल,
आणि दहिकाल्याच्या रात्री रंगपटात
सफेता फासून बसलेल्या पुरुषांचा घाम.

तीस वर्षं. तुळस, केळूस, मठ, परुळं, आरवली.
संकासुर नाचून जाईपर्यंत एक,
राजा दरबारात येईपर्यंत दुसरी,
पहाटेच्या युद्धाला तर एकीवर एक.
सिगारेट ओठांत, डावा हात भात्यावर,
त्यानं एक झुरका घ्यायचा, पेटीनं एक.
डॉक्टरांनी फोटो काढला तो फक्त त्याच्या छातीचा.

काळी पाचच्या कडेला तांदळाएवढी जळकी खूण.
गाऱ्हाणं सुरू झालं की तिथं टेकवायचा,
देवासमोर नको म्हणून.
गाऱ्हाणं लांबायचं.

मी काय काय केलं:
भाता नवा घातला, पुठ्ठा, कापड, मऊ कातडं, ताजा सरस.
पट्ट्यांखालचा नमदा उपटून काढला,
चहात भिजवल्यासारखा होता.
पितळी सूर एकेक करून ब्रशनं झाडले,
कागदावर राखेसारखं काहीतरी पडलं,
फुंकर मारायचा धीर झाला नाही,
कागद तसाच दुमडून ठेवला.
कापूर झाला, कॉफीची पूड झाली.
आठ दिवस पेटी मागच्या अंगणात उन्हाला,
शेजारी सुकटीची पथारी.
सुकटीचा वास लागला नाही तिला.
आत जागाच नसणार.

नवव्या दिवशी हेमांगी आली.
बसली, दोन पलटे वाजवले, थांबली.
पेटीवर वाकून श्वास घेतला,
मग पुन्हा, जरा जास्त वेळ.
गेला, म्हणाली.
मग मला विचारलं, गेला ना?

पैसे दिले. रिक्षात पेटी चढली.
परत उतरून दारात आली,
काका, जुना भाता?
टाकला, मी म्हटलं.

टाकला नव्हता.
माळ्यावर आहे, सरसाच्या डब्यांच्या मागे.

मला सोडून अकरा वर्षं झाली. ओरोसच्या इस्पितळातून आलो
तो बंदराकडच्या टपरीवरून मान न वळवता गेलो,
आजवर तसाच जातो.
पण संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढतो,
स्टुलावर चढतो, भाता खाली घेतो,
नाकाशी धरून दाबतो. एकदाच.
सूर नाहीत त्याला, त्यामुळे आवाज नाही,
नुसतं हाः,
घाटी चढून आलेला माणूस पायरीवर बसतो तसं.
दर वेळी थोडं कमी येतं.

परवा जेवताना ही वाढायला वाकली
आणि डाव तसाच हातात राहिला.
परत ओढूक लागलात?
नाय.
माझी कॉलर हुंगली. बोटं हुंगली.
खोटा सांगू नकात.

माझो नाय तो, मी म्हटलं. बाबलाचो.

तिनं डाव टोपात ठेवला.
चार महिने झाले होते बाबलाला जाऊन.
कढी निवली, आम्ही जेवलो,
बांगड्याचे काटे मांजराला घातले,
त्यावर काही बोलणं झालं नाही.

काल दुपारी डबा घेऊन ती स्वतः दुकानात आली,
एरवी पोराकडून पाठवते.
डबा ठेवला. पदरानं तोंड पुसलं.
खंय आसा तो भातो?

मी स्टूल ओढलं, चढलो, काढून दिला.
दोन्ही हातांत धरून उभी राहिली,
कुठून धरायचा ते कळत नव्हतं तिला.

मी रस्त्याकडे तोंड फिरवलं.
दोनदा दाबू नको, म्हटलं.