वरचा बाण

हेल्दुरची खुर्ची त्यानं ठेवली होती तेवढ्याच उंचीवर आहे.
माझे पाय टेकत नाहीत.
लाक्सारेच्या धक्क्यावरची ही खोली,
खिडकीबाहेर पेइप्सी सरोवर, डिसेंबरपासून गोठलेलं.
आइव्होला दहाच्या आत सांगायचंय
बेटावरचा रस्ता उघडायचा की नाही.

काळा पडदा. लुकलुकणारी उभी रेघ.
वरचा बाण दाबला
तर त्याची शेवटची ओळ आधी आली:
बाहेर पडायचा हुकूम. कंस उघडा, कंस बंद,
मध्ये काही नाही.

अजून एकदा दाबला.
एक चुकलेलं स्पेलिंग. त्याच्याही वर तेच, वेगळं चुकलेलं.
(तो नेहमी दोन बोटांनी टाइप करायचा
आणि चुकला की मशीनची माफी मागायचा.)

इथे फक्त विचारलेलं साठतं.
मिळालेली उत्तरं कुणी ठेवत नाही.
मी 'जाडी' लिहिलं, एंटर मारलं,
तर मशीन म्हणालं, या नावाचं इथे काही नाही.
नाव ओळीत आहे,
किंमत त्याच्याबरोबर गेली.

वजन = २५००. हा आइव्होचा ट्रक.
वजन = ३८०. बर्फावरची स्कूटर, मागे कांद्याची घसरगाडी.
वजन = ४४.

चव्वेचाळीस किलोचं काय असतं?
पोतं तर पंचवीसचं.
वर: ४७.
वर: ५१.५, म्हणजे घरचा काटा, न्हाणीघरातला.
प्रत्येकाखाली तीच ओळ, पेलेल का,
तीच जाडी,
तोच माणूस पुन्हा पुन्हा विचारणारा.

लेइदाला एकदा पायी जायचं होतं बेटावर.
हे ती मला म्हणाली होती, धुरावलेले मासे
वर्तमानपत्रात गुंडाळून देताना;
मी तेव्हा बिल शोधत होते.
वीस सेंटिमीटर बर्फावर माणसाचा हिशोब
करावाच लागत नाही, हे हेल्दुरला
माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

बाण वर. ५५.
बाण वर. ५८. गाल भरले.
६०. हिरवी लोकरीची टोपी पुन्हा घट्ट बसू लागली.
६३.
त्याच्या वर ट्रकच ट्रक,
गेल्याच्या गेल्या हिवाळ्याचे.

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.
एकेक आणायची, एंटर मारायचं,
त्यानं ज्या क्रमानं जग मांडलं त्याच क्रमानं.
सकाळी मी स्वतः भोक पाडून मोजलेली जाडी: २३.
वजन = ६३.
पेलेल का?

मशीन एकच शब्द म्हणालं: खरं.

फोन वाजतोय. आइव्हो असणार.
ट्रकचा हिशोब अजून व्हायचाय
आणि तो खाली आहे, चव्वेचाळीसच्याही खाली.
खालचा बाण दाबायचा नाही.
दोन हजार पाचशे
मी हातानं टाइप करते.