वायसर

उद्यमनगरात तीस वर्षं लेथपुढं उभा राहिलो,
तेवढ्यात डावा कान मशीनला देऊन बसलो.
कुणी मागितला नव्हता.
लोखंडाचा कीस ट्रेमध्ये पडतो, रोज थोडा थोडा,
तसा पडला असणार,
आणि संध्याकाळी झाडून पोत्यात गेला असणार.

आता पहाटे कळंब्याला जातो.
मी, हौसा आणि वायसर.

वायसर म्हणजे कुत्रं.
शेडमागच्या भंगारात सापडलं, वीतभर.
उजव्या डोळ्याभोवती पांढरं कडं,
मोजून काढल्यासारखं, पाऊण इंची.
पोरं म्हणाली, मिस्त्री, ह्याचं नाव वायसर.
हौसा म्हणाली, घरात आणायचं न्हाई, सांगून ठेवते.
तिसऱ्या दिवशी तिनंच माझ्या स्वेटरची बाही कापून
त्याला अंगरखा केला.
स्वेटर अजून बरा होता.

बंधाऱ्यावर पोचतो तेव्हा नीट उजाडलेलं नसतं.
पाण्यावर पांढरं काही तरंगत असतं,
धुकं की पलीकडच्या गुऱ्हाळाचा धूर, मी विचारत नाही.
काकवीचा वास येतो.
नाक कुणाला द्यावं लागलं नाही, ते शाबूत आहे.

लोक म्हणतात, इथं किती शांत वाटतंय.
मला तर शेडमध्येसुद्धा शेवटी शेवटी
शांतच वाटायचं.

मी येतो ते वायसरचे कान बघायला.
चालता चालता तो थांबतो.
एक कान उभा, दुसरा कायमचा पडका,
तो पडकासुद्धा अर्धा उचलतो
आणि घाणेरीच्या जाळीकडं मान तिरकी करतो.
मग मला कळतं, तिथं कोणीतरी बोललं.
मी उभा राहतो.
जाळी हलते, अंगठ्याएवढा पक्षी वर येतो,
शेपटी उभी, चोच उघडी.
हौसा म्हणते, वटवट्या.
नाव वटवट्या,
आणि माझ्याशी आजवर एक शब्द नाही.

पाण्यात काही डुबुक झालं
की वायसर वळून माझ्याकडं बघतो, ऐकलंस?
मी मान हलवतो.
कुत्र्याशी खोटं बोलतो.
पण मागून वर्तुळं येतात काठाला,
एकात एक, कुठं तसूभर चूक नाही,
आणि ते खोटं थोडं खरं होतं.

हौसा माझ्या उजव्या हाताला चालते.
हे ध्यानात यायला मला फार वर्षं लागली.
लग्नाच्या फोटोत डावीकडं आहे.
गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायचो,
म्हशीची धार थेट ग्लासात, फेस ओठाला,
तेव्हाही डावीकडंच असायची.
मग बाजू कधी बदलली?
विचारलं तर म्हणाली,
"डावीकडं तुमचं कुत्रं असतंय की. मी काय पाण्यातनं चालू?"
कुत्रं येऊन चार वर्षं झाली.
धाकट्याच्या बारशाचा फोटो काढून बघितला,
ती उजवीकडं.
धाकटा आता सव्वीसचा आहे.

माप जुळलं नाही तर मिस्त्री परत मोजतो.
मी परत मोजलं नाही.
फोटो डब्यात ठेवला, चहा मागितला.

गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, उजवाही जाईल,
सावकाश, पण जाईल.
हौसानं ऐकून घेतलं आणि येताना कोथिंबीर घेतली.
दुसऱ्या दिवशी बंधाऱ्यावर,
कॉलेजची पोरं व्यायाम करत असताना,
तिनं माझा हात धरला.
पस्तीस वर्षांत रस्त्यावर पहिल्यांदा.
मी लाजलो, वायसरनंही वळून बघितलं.
तिचा चेहरा मात्र बाजारात पिशवी धरावी तसा.

तळव्यावर बोट दाबून सांगितलं:
एकदा म्हणजे थांबा.
दोनदा म्हणजे तिकडं बघा.
कात्यायनीच्या डोंगरावर ऊन आलं होतं, तेव्हा दोनदा.
तीनदाचं अजून आमचं ठरलेलं नाही.
ते बिस्किटाचं असणार,
असं वायसर धरून चाललाय.