आठ नंबरचे मोजे

बोरीच्या मैदानावर खेळलं की मोजे तांबडे होतात.
साबणाला ते जुमानत नाहीत.
आधी बिंबलं चोळायचं, मग ऊन, मग ब्रश.
क्लबात हे काम माझं.
चोवीस जोड. वहीत नोंद.

नोव्हेंबरात ती आली. सोक बोराम.
वय चौतीस, जागा मधली.
शेवंतीमावशीने नाव दोनदा विचारून घेतलं
आणि वाड्यावर सांगून आली,
कोरियाची आहे खरी, पण नावात राम आहे.
मी अर्थ विचारला. ती मोबाइलशी तिच्या भाषेत बोलली.
मोबाइल जरा घुटमळला, म्हणाला:
केलेल्या कष्टांचं सार्थक.

तिच्या पिशवीत एक जुना जोड होता, घोट्यापाशी काळा.
मी बिंबलं घेतलं, तशी ती हसली.
हे जाणार नाही. कोळसा आहे.

तेबेक. डोंगरातलं गाव, भोवती खाणी.
शाळेचं मैदान काळं, बर्फ पडला तरी
दुपारपर्यंत पुन्हा काळं.
पाळी सुटली की वर येणाऱ्या माणसांत
बाप कुठला ते चालीवरून ओळखायचं.
तिथेच शिकले, म्हणाली,
चेहरा न बघता कोण कुठे आहे ते.

मी तिला नदी दाखवली.
इथून खनिजाच्या बार्ज जायच्या, एकीमागून एक.
त्या थांबल्या तेव्हा माझा भाऊ तीन वर्षं घरी होता,
ओट्यावर बसून कुत्र्याच्या गोचड्या काढायचा.
तिने मान हलवली. त्यांच्या खाणीसुद्धा अशाच एका सकाळी...
पुढचं मोबाइलला जमलं नाही.
राहू दे, मी म्हटलं.

बाकीचं आयुष्य तुकड्यांत ऐकलं, दोरीवर कपडे घालताना.
अकरा वर्षं सिमेंट कंपनीच्या संघात.
गोल सहा.
पास कुणी मोजले नाहीत.
डावा गुडघा दोनदा उघडला.
देशासाठी सतरा मिनिटं, तीही पावसात,
तीन गोलांनी मागे असताना.
ती मैदानात उतरली तेव्हा टीव्हीवर जाहिरात लागली.
आईने ती जाहिरात शेवटपर्यंत पाहिली.

पेज तिला परकी नव्हती. सुका बांगडाही नव्हता.
चेपणीचं तोर मात्र एका घासात खाल्लं
आणि डोळे मिटून बराच वेळ गप्प बसली.

आमच्या पोरींना पळायची खोड.
बास्तियांव सर रेषेवरून घसा फोडायचे, धांव गे, धांव!
मध्यभागी बोराम,
चेंडू तळव्याखाली धरलेला,
आणि तिला येणारा एकुलता एक शब्द:
सवकास.
पहिल्या तीन मॅचना लोक हसले.
चौथीत आम्ही शिरोड्याला दोन-शून्य हरवलं
आणि खाजनातला एक बगळासुद्धा उडाला नाही.
दोन्ही गोल फ्लावियाचे. पेपरात फोटो फ्लावियाचा.
कडेला अर्धं कोपर दिसतं, ते बोरामचं.

मार्चमधली शेवटची मॅच हरलो.
त्रेसष्टाव्या मिनिटाला पाटीवर आठ आकडा.
ती चालत बाहेर आली.
सर घड्याळ दाखवत होते, पंच शिट्टी फुंकत होता,
ती चालतच आली.
बेंचवर बसून नाड्या सोडल्या.
मी बिंबल्यांची परडी घेऊन समोर उभी, हात पुढे केलेला.
मोजे तिने काढले. पोटरीपर्यंत तांबडे.
माझ्या हाताकडे पाहिलं,
मग ते उलटे करून पिशवीत ठेवले,
त्या काळ्या जोडाशेजारी.

वहीत मी लिहिलं:
आठ नंबर. एक जोड कमी.
शेऱ्याच्या रकान्यात थोडा वेळ पेन थांबलं.
न धुता नेला.