तीन मिलिमीटर

बर्चचं प्लायवुड, जाडी तीन मिलिमीटर.
कडेला थर दिसतात: मधला आडवा,
वरचा-खालचा उभा,
एका अरुंद पलंगावर तिघं झोपल्यासारखे.

ओर्ट्रूनबाई मेल्ट्सर पात्यांचा डबा पुढे सरकवतात.
"नंबर?"
मी म्हणतो, पाच. पाच दणकट दिसतं.
"पाचचे दाते विरळ. या फळीत एक दात आत,
दुसरा अजून वाटेवर. उड्या मारेल फळी.
जाडीत एका वेळी तीन दाते बसायला हवेत.
मोज."
भिंग लावून मोजतो. डोळ्यांना पाणी.
एक नंबर.

बावीस वर्षं ट्रक चालवला मी,
ड्रेस्डेन ते ट्रिएस्ट, रात्रीचा.
पाठ गेली, म्हणून या डोंगरातल्या गावात आलो,
जिथं खाणी बंद पडल्यावर
लोक लाकडाचे खाणकामगार कापतात
आणि डिसेंबरात खिडकीत उभे करतात.

इथं वेगाचं बटण बोराएवढं.
बाई ते मागे फिरवतात:
मिनिटाला हजार ठोके, आठशे, सहाशे.
"पळणारं पातं वळणावर तुझ्याआधी पोचतं.
मग वळण करपतं. वास घे."
खरंच, तळाला लागलेल्या दुधाचा वास.

भोक पाडायचं, पातं त्यातून ओवायचं,
चाप आवळून नखानं छेडायचं.
बाईंचा डावा कान कारखान्यानं नेला,
उजवा त्या पात्याजवळ नेतात.
"सैल," म्हणतात. पुन्हा छेडतात. "हं."

आणि तळाचे ते चार दाते, उलटे.
बाकीचे सगळे खाली ओढत असताना
ते तेवढे वर खेचतात,
म्हणून खालची बाजू फाटत नाही, कुसळं उठत नाहीत.
अशी माणसं मला आठवतात. एक माझी बायको होती.

कामगाराच्या हातात कंदील,
कंदिलाची कडी दोन मिलिमीटर रुंद.
पहिली तुटली.
दुसरी तुटली, पातंही तुटलं.
तिसऱ्या वेळी मी फळी ढकलली नाही,
नुसती वळवत राहिलो.
कडी राहिली.

ती दाखवायला गेलो, तर बाईंनी
चार कोऱ्या फळ्या एकावर एक ठेवल्या,
कडांना चिकटपट्टी लावली.
"चाळीस कंदील हवेत शुक्रवारपर्यंत.
आता आण तुझा पाच नंबर.
आणि वाढव थोडा वेग."
मी बघतच राहिलो.
"एकटी होती तेव्हा थरथरत होती," त्या म्हणाल्या,
"आता जाडी झाली की तिला."

रात्री घरी निघालो. रस्त्यावर बर्फ.
मागच्या गाडीनं दोनदा हॉर्न दिला.
देऊ दे.
समोर वळण आहे,
आणि माझ्या बाहीवर भुसा,
इतका बारीक की झटकला तरी जात नाही.